हिरव्यात हिरवं
रिटायर झालो, कारखान्याचं सेक्टर सहामधलं क्वार्टर उद्या परत करायचं होतं. एकाहत्तर साली मीच कोरून गडद हिरवी रंगवलेली सागवानी पाटी दारावरून उतरवली. कोरताना बायको म्हणाली होती, “खाली माझंही नाव कोरा ना.” कोरलं. गडद पाटीवर फिकं अक्षर, तरच दुरून दिसतं, हे कारखान्यातल्या पाट्या रंगवताना मीच सगळ्यांना शिकवायचो. तरी माझ्या नावात पांढरा भरला, तिच्या नावात पाटीचाच हिरवा. “कावून?” तिनं विचारलं. “बायकोचं नाव दारावर? शिफ्टमधले हासतीन,” मी म्हणालो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. आता मुलाकडे दुर्गला जायचं. तिथे दारावर त्याची पाटी. ही कुठे लावणार? तरीही पांढऱ्याचा डबा उघडला. तिच्या पहिल्या अक्षरावर ब्रश टेकवणार, तोच तिनं माझं मनगट धरलं. “राहू द्या. रंगानं खाचा बुजतीन. वीस वर्सं कुलूप लावताना बोटानंच वाचलं माझं नाव.”