चौथी कळी

राजेंद्रनं भिंतीवरून हात घातला आणि कळी खुडली. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार. मुठीत घेतली की कुणाला दिसू नये एवढीशी.

भिंत कमरेइतकी. पलीकडे मनकर्णाबाईंचं अंगण, अंगणात सिमेंटची कुंडी, कुंडीत जास्वंद. आधीच्या तीन कळ्याही त्यानंच अशा, उजाडता उजाडता खुडल्या होत्या. कंपनीत शंभर माणसांना शिस्त शिकवणारा सुपरवायझर, आणि सकाळी सकाळी शेजारणीच्या कळ्या चोरतो! त्याची त्यालाच लाज वाटत होती. पण कळी उमलली आणि फूल लाल निघालं नाही तर? ती लाज त्याला याहून भारी वाटत होती.

कारण हे झाड मनकर्णाबाईंचं नव्हतंच.

मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी त्या महिनाभर गंगापूरला गेल्या. इकडे पडेगावात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, म्हणून जाताना झाडापुरता एक ड्रम भरून ठेवला. "रोज दोन तांबे घाल, राजेंद्र. माझ्या माहेरची फांदी हाय ती, लाल फुलाची." दोन दिवस त्यानं घातलं. तिसऱ्या दिवशी त्याचा कूलर कोरडा पडला. मग ड्रममधली एक बादली कूलरला गेली, मग दुसरी. तो गार हवेत झोपला आणि भिंतीपलीकडे झाडाचा खराटा झाला. त्या परतायच्या आदल्या दिवशी त्यानं दौलताबाद रस्त्यावरून तेवढ्याच उंचीचं रोप आणून कुंडीत बसवलं. फुलाचा रंग विचारला, तर रोपवाला म्हणाला, "लालच निघंल की, साहेब."

आल्यावर दुसऱ्याच दिवशी मनकर्णाबाईंनी गल्लीभर सांगितलं, "असल्या उन्हात झाड जगवलं पोरानं!" राजेंद्रला मान वर करवली नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलला. मग त्या झाडाला तांदूळ धुतलेलं पाणी घालू लागल्या. कळ्या टिकेनात म्हणून बंबातली राख भुरभुरली. शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणून एक जुनी चप्पल फांदीला बांधली. आत्ताही ती चप्पल त्याच्या मनगटाला घासत होती.

"राजेंद्र?"

मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात परडी. परडीत नुसत्या दूर्वा. हात मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"मावशी, ते... किडा होता."

त्यांनी त्याच्या मुठीकडे पाहिलं. चपलेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि ते त्याला बघवेना.

"मावशी, हे तुमचं झाड नाय," तो एकदम बोलून गेला. "तुमचं वाळलं. त्याचं पाणी मी कूलरला वापरलं."

"ते ठाऊक हाय मला."

त्यानं मूठ भिंतीवर टेकवली.

"आल्या दिवशी पाणी घातलं तर मुरंना. उकरून बघितलं, तर काळी पिशवी. पिशवीसकट लावलं होतंस रे! मुळं गुदमरली होती बिचाऱ्याची. मी पिशवी काढली."

"मग गल्लीत सगळ्यांना तुम्ही..."

"काय सांगू लोकाला, पोरानं झाड वाळवलं म्हणून? अवंदा उन्हाळाच लई होता. माझं गेलं ते गेलं. ह्याचा काय गुन्हा?" त्या कुंडीजवळ आल्या. "पर कळ्या बी तूच खुडत होतास व्हय? मी म्हणलं कीड लागली, नजर लागली. चप्पल बांधली रे मी."

"लाल नसतं निघालं तर तुम्हाला..."

"तर पिवळं निघालं असतं. कोणतं हाय, ते बघू तरी द्यायचं होतंस."

त्यांनी परडी पुढे केली.

"टाक हितं. आज संकष्टी हाय. मुकी कळी देवाला वाहत नायत, पर घरची दुसरी हाय कुठं?"

त्यानं मूठ उघडली. कळी दाबली जाऊन तळहाताला चिकटली होती. झटकली तरी पडेना. शेवटी मनकर्णाबाईंनीच ती दोन बोटांनी उचलली, दूर्वांवर ठेवली आणि तांब्यातलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतलं. मग त्या फांदीची चप्पल सोडू लागल्या. सुतळीची गाठ घट्ट बसली होती, आणि ओढली की सगळी फांदी हलत होती.

"फांदी धर जरा," त्या म्हणाल्या.

चार कळ्या खुडणारा राजेंद्रचा हात आता काही पुढे होईना.