पंचाहत्तरीचा घास

"मुंह ज़रा खोलो अम्माजी," फोटोग्राफर म्हणाला. "हौ, और थोडा."

तारामतीने तोंड उघडलं नाही.

एकनाथरावांच्या हातात तुपाने निथळणारा पुरणपोळीचा घास होता. त्यांच्या पंचाहत्तरीला नारायणगुड्याच्या फंक्शन हॉलमध्ये सगळं गणगोत जमलं होतं. ओवाळणं झालं, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. आता जोडप्याने एकमेकांना घास भरवायचा होता. तारामतीने आपला घास भरवला, टाळ्या पडल्या. मग एकनाथरावांची पाळी आली आणि त्यांचा हात तिच्या ओठांपुढे तसाच थांबला.

"सकाळीच सांगितलं ना तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "रविवारपर्यंत मी नुसत्या रसावर आहे."

"आजसुद्धा?"

"आजसुद्धा."

गुडघ्यांची सूज काही केल्या उतरेना, म्हणून अंबरपेठच्या निसर्गोपचारवाल्या बाईंनी तिला आठवडाभर फक्त रस प्यायला सांगितलं होतं. रोज सकाळी ती कोहळा किसून, पिळून बाटली भरून ठेवायची. मधे सोडलं तर सगळं वाया जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. आणि गुण येत होता. काल ती बाईंकडचा जिना कठडा न धरता उतरली होती. घरी येऊन तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं. दोघंही "बरं" म्हणाले होते.

मुलगा, सुरेश, भाषणांचा माइक पाठीमागे धरून तिच्या कानाशी वाकला. "आई, फोटोपुरतं गं. तोंडात धर, मागून टाकून दे."

"पुरणपोळी टाकून देऊ?"

"सगळे बघतायत आई."

पहिल्या रांगेतून कुसुमताई उठल्या. एकनाथरावांच्या थोरल्या बहीण. घरातल्या प्रत्येक कार्यात शेवटचा शब्द त्यांचाच. "अगं, एका घासाने काय होतंय? नवऱ्याच्या हातचा घास कुणी परत पाठवतं का? इतक्या चांगल्या दिवशी असला अपशकुन! शोभतं का तुला, तारा?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काकूंना आता बारीक व्हायचंय!"

हॉल हसला. तारामतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने एकनाथरावांकडे पाहिलं. तेही हसत होते.

"हसताय काय?" ती म्हणाली. सुरेशच्या हातातला माइक चालूच होता, आणि आता तिच्या तोंडापाशी आला होता. तिचा आवाज थेट जेवणाच्या टेबलांपर्यंत गेला. तो ऐकून ती क्षणभर दचकली, पण थांबली नाही. "तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मी गुरुवार धरले. घोटभर पाणीसुद्धा घेत नव्हते. तेव्हा कुणी घास घेऊन मागे लागलं नाही माझ्या. सुरेशच्या नोकरीसाठी सोमवार धरले, चक्कर येऊन ओट्यापाशी पडले, तर तुम्हीच काचीगुडाभर कौतुकाने सांगत सुटलात, आमच्या हिचं फार कडक असतं म्हणून. तुमच्यासाठी उपाशी राहिले, पोरांसाठी राहिले, तेव्हा मी चांगली होते. आज पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांसाठी राहिले, तर अपशकुन झाला?"

सुरेशने घाईघाईने माइक बंद केला. आता बंद करून उपयोग नव्हता. बगारा बैंगनच्या पातेल्याचं झाकण उचललेला वाढपी झाकण हातात धरूनच उभा राहिला.

"मला नीट सांगायचंस तरी," एकनाथराव पुटपुटले.

"तीनदा सांगितलं. तीनही वेळा तुम्ही हो म्हणालात."

त्यांच्या हातातलं तूप मनगटावरून घड्याळाच्या पट्ट्यात शिरलं होतं. या घासाचं काय करावं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो ताटात ठेवला आणि बोटं शालीला पुसली. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

तारामती स्टेजवरून उतरली. सुरेशने पुढे केलेला हात तिने धरला नाही. अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन ती बसली. पिशवीतून बाटली काढली. झाकण उघडताना दोन घोट रस पदरावर सांडला.

"चला, जेवायला चला," सुरेश मोठ्याने म्हणाला. खुर्च्या सरकल्या, माणसं ताटं घेऊन रांगेत लागली. जर्दाळूंचा खुबानी का मीठा संपायच्या आत मिळायला हवा, म्हणून पोरं पुढे घुसली. जाता-येता जो तो तिच्याकडे बघत होता. जवळ मात्र कुणी येत नव्हतं.

मग भरलेलं ताट घेऊन कुसुमताई आल्या. आता पुन्हा सुरू होणार, या हिशेबाने तारामती ताठ झाली. "ताई, मी खाणार नाही. तुम्ही कितीही बोला."

कुसुमताई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. ताट मांडीवर ठेवलं, पोळीचा एक तुकडा मोडला आणि तो तसाच बोटांत धरला. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, कितीतरी वर्षं झाली होती.

"आमच्या यांच्यासाठी मी काय काय धरायचे, ठाऊक आहे ना तुला?" त्या म्हणाल्या. "हे गेले. माझे उपास चालूच आहेत. वार तेच, फराळ तोच."

त्यांनी तुकडा ताटात टाकला. आवाज एकदम चढला, मघाशी तारामतीवर चढला होता तसाच. पण आता त्या तारामतीकडे बघत नव्हत्या. रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुला-सुनांकडे बघत होत्या.

"एकाने विचारलं नाही गं मला, आता कुणासाठी धरता म्हणून."