त्र्याहत्तरावं चालू

गेला आठवडाभर यंत्राने एकही चूक दाखवली नव्हती, म्हणून मेट्रनबाई खूश होत्या. प्रोग्रामर पोरीला मात्र खुर्चीत बसवेना. रोज एवढी माणसं दवाखान्याच्या यंत्रावर नाव-वय लिहून नंबर घेतात आणि एकाचंही बोट चुकत नाही? माणसं इतकी शहाणी कधीपासून झाली?

ती जिना उतरून खाली आली. बाकावर एक आजोबा आजींना खांद्याशी धरून बसले होते. आजींना धाप लागली होती.

"कितवा नंबर, आजोबा?"

"आलाच नाही अजून. नऊपासून बसलोय. यंत्राने लिहिलं, 'धन्यवाद, बसा.' बसलो."

साडेअकरा वाजून गेले होते.

"आजींचं वय काय लिहिलंत?"

"खरं तेच. बाहत्तर पूर्ण, त्र्याहत्तरावं चालू."

यंत्राला वयाचा नुसता आकडा लागतो. सोबत अक्षरं आली की पायथन, म्हणजे तिने प्रोग्राम लिहिला ती भाषा, बोंब मारतं. पहिल्याच दिवशी तशी तीनदा बोंब मारून यंत्र बंद पडलं आणि मेट्रनबाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं. मग तिने ती बोंब झेलायला 'एक्सेप्ट' लिहिलं, आणि त्याखाली एकच शब्द, 'पास'. म्हणजे चूक झेल आणि गप्प बस. वय पुन्हा विचारायचं नाही, कुठे नोंद ठेवायची नाही. दोन ओळी जास्त लिहायचा आळस, दुसरं काय! रोगापेक्षा औषध जालीम.

"सिस्टर, व्हीलचेअर आणा! आधी ह्यांना घ्या!"

तिचा आवाज इतका चढला की सगळं दालन वळून बघायला लागलं. आजींना आत नेलं, ऑक्सिजन लावला. पाठोपाठ निघालेले आजोबा दारात थबकले.

"आमचं झालं, बाळ. पण आमच्या शेजारी एक जण होते. त्यांचाही नंबर येत नव्हता. छाती चोळत बसले होते. कंटाळून आत्ताच उठून गेले बघ."

ती धावत बाहेर आली. नाव विचारायचं राहिलंच, आणि यंत्रात तर ते कधी शिरलंच नव्हतं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं चालली होती. दिसेल त्याच्या पुढ्यात जाऊन ती विचारत सुटली, "काका, मगाशी आत तुम्ही बसला होतात का?"