ओट्याची उंची

दार उघडल्याबरोबर क्लेटनला घरभर निळ्या पट्ट्या दिसल्या, आणि कुठल्याही आर्किटेक्टला दुसऱ्याने दाखवलेली चूक पाहून जसं वाटतं तसंच त्यालाही वाटलं. म्हणजे राग आला.

पद्धत साधी होती. नव्या घरात राहायला आलेल्याने जिथे दोष दिसेल तिथे निळी चिकटपट्टी लावून ठेवायची, आणि वर्ष भरायच्या आत बांधणाऱ्यांनी येऊन ते दोष फुकट काढून द्यायचे. वर्ष उलटलं की मग छत गळो नाहीतर जिना रडो, कुणी फिरकत नाही. रूडी आणि आयली हॅलोनेन या नवरा-बायकोच्या घराचं वर्ष शुक्रवारी भरत होतं.

"एवढ्या?" क्लेटन म्हणाला.

"सगळ्या रूडीच्या," आयली म्हणाली. "राहायला आलो त्या दिवसापासून ते त्याला शेवटचं हॉस्पिटलात नेलं तोवर. सकाळी कॉफीच्या आधी एक तरी लावायचाच. अंगठ्याने दोनदा दाबून. तुझं नाव घेऊन."

"चांगल्या अर्थाने?"

"नाव घेऊन."

क्लेटनबरोबर आलेला सुतार लॉनी हत्यारांची पेटी उघडून कामाला लागला. आयली त्याच्यामागून पट्टी-पट्टीपाशी थांबत होती आणि काय बिनसलंय ते सांगत होती. सांगत होती ती, पण तक्रार रूडीची होती, शब्दही त्याचेच.

"हा खण रुसल्यासारखा बंद होतो. ही खिडकी तळ्यावरून वारा आला की शीळ घालते, आणि तीही बेसूर. हे दार अर्ध्यात थांबून विचार करत बसतं."

"विचार करतं?" लॉनी म्हणाला. "साहेब, तुमच्यावर गेलंय मग."

क्लेटन हसला नाही. त्याला साडेसहा फुटी रूडी आठवत होता. चाळीस वर्षं ड्युलूथ शहरातल्या बेकऱ्यांमधून दुसऱ्यांच्या ओट्यांवर वाकून पाव मळलेला माणूस. पाठीची पार कमान झालेली. पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं होतं, "खोल्या तुला हव्या तशा काढ. मला फक्त माझ्या घरात ताठ उभं राहून पीठ मळायचंय." क्लेटनने त्याला ऑफिसातच पीठ मळायला लावलं, कोपराची उंची मोजली आणि त्या मापाचा मेपलच्या लाकडाचा लांबलचक ओटा आधी कागदावर काढून मग त्याच्याभोवती घर काढलं. एका मासिकात त्या ओट्याचा मोठा फोटो छापून आला. मागे तळं, पुढे पिठात हात घातलेला रूडी. त्याचं डोकं तेवढं चौकटीबाहेर राहिलं होतं. डोकं घ्यायचं तर तळं बसत नव्हतं.

एकेक दोष निघत गेला. लॉनी पट्टी सोलून आपल्या पँटला चिकटवी आणि पुढे सरके. आयली मागे राहून त्या रिकाम्या जागेवरून एकदा हात फिरवी, मग त्याला गाठी. दुपारपर्यंत खण शहाण्यासारखा बंद होऊ लागला. खिडकी गप्प झाली. लॉनीची मांडी निळी झाली.

"झालं?" आयलीने विचारलं.

"झालं. घर आता नव्यासारखं आहे."

"हो," ती म्हणाली. "कुणी राहिलंच नसल्यासारखं."

मग तीच भानावर येऊन म्हणाली, "बसा, कॉफी घेऊन जा. पुल्ला केलाय. वेलदोडे त्याच्याइतकेच घातलेत, पण त्याच्यासारखा झालेला नाही. दात सांभाळा."

तिने ओट्याखालून एक जुना लाकडी खोका पायाने पुढे ओढला. सफरचंदांचा. त्यावर चढली, खोका हलला तशी तिने ओट्याची कड धरली, आणि मग सुरी घेऊन ती पुल्ल्याचा गोड पाव कापू लागली.

क्लेटन बघत राहिला. खोक्याशिवाय तो ओटा तिच्या छातीला लागत होता. कागदावर हे कधी दिसलंच नव्हतं. कागदावर तिथे नेहमी रूडी उभा असायचा.

या ओट्याला कुणी खिळा मारायचं म्हणालं तरी अंगावर धावून जाणारा क्लेटन उठला, लॉनीच्या पेटीतून पट्टी फाडली आणि मेपलच्या कडेला लावली.

"हा खाली घेऊ या. लॉनी, किती वेळ लागेल?"

"खालची कपाटं कापायची. उद्या दिवसभर. शुक्रवारच्या आत बसतंय, साहेब."

"म्हणजे फुकट," क्लेटन म्हणाला. "आयली, एखाद्या दिवशी पडाल तुम्ही."

"माझी बहीणही फोनवर हेच म्हणते."

"मग ऐका ना तिचं."

आयलीने सुरी खाली ठेवली. लाकडाचं पॉलिश निघू नये म्हणून नखाने हळूहळू पट्टी सोडवली.

"दोष असेल तिथेच लावायची ना ही?"

"हो."

"मग इथे कशाला? अख्ख्या घरात या एका जागी त्याने पट्टी लावली नव्हती." तिने मेपलवर तळवा ठेवला. "याचं माप बरोबर आहे."

लॉनीने उगाचच हातोडी पेटीत ठेवली, मग पुन्हा बाहेर काढली.

ओट्याला धरून आयली खाली उतरली. पट्टी अजून तिच्या बोटाला होती. ती वाकली, पट्टी खोक्याला लावली आणि अंगठ्याने दोनदा दाबली.

"हा डुगडुगतो," ती लॉनीला म्हणाली. "तेवढा नीट करून जा."