आत्यावर चाल

"आज माझ्यावर कोणीच कसं चाल करून येत नाही रे?" आत्यानं पटावरची नजर न काढता विचारलं.

एरवी राज्यांचा पट मांडला की सगळी भाचरं एक होऊन आधी तिलाच घेरायची, आणि तरी तीच जिंकायची. पण आतोबा गेल्यानंतरचा हा पहिलाच डाव. आज आत्याला कुणी हात लावायचा नाही, असं स्वयंपाकघरात गुपचूप ठरलं होतं.

न लढता चौथा किल्ला मिळाला, तशी आत्या उठली. "खेळा तुम्ही. मी पडते जरा."

धाकट्या रेवतीला राहवेना. ठरलेलं मोडून तिनं सगळं सैन्य आत्याच्या राजधानीवर आणून घातलं.

"फितूर!" दादा ओरडला.

आत्या वळली, पदर खोचून पुन्हा पटाशी बसली.

"एकटीच येतेस होय गं? घे की यांनाही बरोबर!"