आठवी तार

दहा तारा, तारेवर दहा मणी, अशा मणीपाट्या दोनच उरल्या होत्या. एकीची चौकट लाल, दुसरीला नुसतंच रोगण. कमळानं लेकीला, मैनाला, टेबलाच्या कडेला बसवलं आणि रोगणाची पाटी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

वाचनालयाच्या हॉलमधल्या विक्रीचा हा शेवटचा दिवस. मुलांना घरी गणित शिकवायचं साहित्य, असा कापडी फलक दारावर होता. विकणारे निवृत्त शिक्षक, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कुणाशी किती बोलायचं हे गुरुजी पायातल्या चपला बघून ठरवत. सुनेत्राबाईंना अर्धा तास देऊन झाला होता. कमळाला अजून "हात स्वच्छ आहेत ना?" एवढंच मिळालं होतं.

सुनेत्राबाईंनी मुलाला शाळेत घातलंच नव्हतं. शाळेत मुलांची बुद्धी दबते, असं त्यांनी रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं. सकाळपासून त्यांनी अकरा वस्तू हाताळल्या आणि अकराही परत ठेवल्या. कांड्या बेढब होत्या. ठोकळ्यांचा निळा रंग पडद्यांना जात नव्हता. पुठ्ठ्याचं घड्याळ अगदीच हलकं दिसत होतं. यातलं मुलाला काय जमेल, हा विषय एकदाही निघाला नाही. शेवटी त्यांनी लाल चौकट धरली.

"टीव्ही आला की त्याच्या शेजारी छान दिसेल," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष मैनाकडे गेलं. "हिला का गं घरी ठेवलंस? चांगली सात वर्षांची दिसते."

"पायान अधू हाय, वैनी," कमळा म्हणाली. "पयलीचा वर्ग वर सड्यावर भरतो. चढण लय. दुसरीचा खाली देवळात. मास्तर बोल्ले, जूनात शंबर मोजून दाखवलान तर यकदम दुसरीत बसवतो."

"हो का? बघू, मोज बरं." सुनेत्राबाईंनी कौतुकानं आपली लाल पाटी मैनापुढे उभी केली.

मैनानं एका हाताच्या बोटांत दोन मणी धरले, दुसऱ्या हाताच्या बोटांत तीन, आणि पाचही एकदम सरकवले. "लाभ," ती म्हणाली. पुन्हा पाच. "दोन." पुन्हा पाच. "तीन."

सुनेत्राबाई हसल्या. "लाभ काय गं? हिला एकसुद्धा येत नाही, गुरुजी."

गुरुजीही हसले. बागेत आंबे असेच मोजतात, दोन्ही हातांत मिळून पाच, आणि पहिल्या खेपेला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म पावसला, आंब्याच्याच गावात, गेला होता त्यांचा. पण हसणारी बाई गिऱ्हाईक होती. मैना दोन हंगाम आंब्याच्या अढीपाशी बसून मोजत आली होती. तिला हसण्यानं काही फरक पडला नाही.

आठव्या तारेवर ती थांबली.

"पंधरा. मंग ह्ये चारच."

"तू चुकलीस," गुरुजी म्हणाले.

"नाय. चारच हायत."

सुनेत्राबाईंनी एकेक मणी बोटानं मोजायला घेतला. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा नव्याण्णव आले. त्यांनी पाटी टेबलावर ठेवली.

"प्रवासात निसटतो एखादा मणी," गुरुजी म्हणाले.

"मग ती बघ बरं, बाळ. तुझ्या मांडीवरची." सुनेत्राबाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता.

मैनाला कुणी काम सांगितलं की बरं वाटे. तिनं मन लावून मोजलं. लाभपासून विसापर्यंत एकदाही अडखळली नाही. "भरले सगले," ती म्हणाली आणि आईकडे बघून हसली.

"शहाणी आहे हो," असं म्हणत सुनेत्राबाईंनी पाटी तिच्या मांडीवरून उचलून घेतली. "लाल रंग काय, घरी मारून घेता येईल. तुम्ही ती दुसरी घ्या. तुमचं भागेल त्यात."

कमळानं गुरुजींकडे पाहिलं. "गुरजी, ती मी आधी उचलली व्हती."

गुरुजी कागदात पाटी गुंडाळत होते. रोगणाची. "अगो, हिला काय करायचंय शंभर? नव्याण्णवपर्यंत पोचली तरी पुष्कळ झालं. आणि लालचे पैसे नकोत मला. तशीच घेऊन जा."

"घे गो," सुनेत्राबाई म्हणाल्या. "गुरुजी प्रेमानं देतायत."

त्यांनी स्वतःच लाल पाटी मैनाच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या गालाला हात लावला.

मेलेली पाल उचलावी तशी कमळानं ती पाटी दोन बोटांत धरली, टेबलावर ठेवली आणि मैनाला कडेवर घेतलं. पाठीमागून गुरुजींचं ऐकू आलं, "बघा वहिनी, चांगलं करायला जावं तर हे असं." सुनेत्राबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो. सुतळी बांधा पुडक्याला, ओरखडे पडतील."

बाहेरच्या पायरीवर कमळानं मैनाला बसवलं. पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तिचा हात पुसायला घेतला. एकेक बोट, नखाच्या मुळापर्यंत, घासून. हाताला काही लागलेलं नव्हतं.

"लाभ," मैना पुटपुटली. "दोन. तीन. चार."

पाच झाले तेव्हा तिनं दुसरा हात आपणहून पुढे केला.