वाकलेली रिंग

“वहिनी, सायकल खुशाल न्या, पण डबलसीट कुणाला घेऊ नका हं,” असं घरोघर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या शेजारच्या कुंदानं बजावलं होतं. तरी काकड आरतीहून येताना मंदाकिनीबाईंनी पुजारीणबाईंना मागे बसवलं आणि मागचं चाक खड्ड्यात आदळलं.

सायकल परत करताना वाकलेली रिंग कुंदाला लगेच दिसली. “अगं बाई, हे कसं झालं?”

मंदाकिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चातुर्मासात दुपारपर्यंत त्यांचं मौन असे. पण एरवी भाजीवाल्याशी खुणांनी घासाघीस करणारे त्यांचे हात आज पदराआड गप्प राहिले.

“काल आमच्या ह्यांनीच गव्हाचं पोतं लादलं होतं,” असं म्हणत कुंदा नवऱ्याला घेऊन समोरच्या सायकलच्या दुकानात गेली. मंदाकिनीबाईही मागोमाग गेल्या.

“ठोकून सरळ करतो, पण डब्यांच्या वजनाला टिकायची नाही. नवीनच टाका,” मिस्त्री म्हणाला.

“ऐकलंत? माझी दिवाळीची साडी गेली तुमच्या पोत्यात!”

“चुकलो बाई,” नवऱ्यानं मान खाली घातली.

ती मान मंदाकिनीबाईंना बघवेना. “ते नाही, मी चुकले,” त्या भर मौनात बोलल्या. “पुजारीणबाईंना मागे बसवलं होतं. नवीन रिंग माझ्याकडून. आणि आजचे डबे मी पोचवते.”

“पायी? अहो, आज तुमचा निर्जळी उपास ना!”

मंदाकिनीबाई रस्ता ओलांडून परत आल्या. कुंदाच्या ओट्यावरच्या डब्यांच्या दोन्ही पिशव्या उचलून, खाली बघतच, त्या उन्हात चालू लागल्या.